हुतात्मा चौकाचे ऋण

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईच्या भुयारी मेट्रोचा अखेरचा टप्पा प्रवाशांसाठी खुला झाला. वरळीच्या आचार्य अत्रे चौकापासून कफ परेडपर्यंत जाणाऱ्या या टप्प्यावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसनंतर जे स्थानक लागते, त्याचे नाव ‘हुतात्मा चौक’. त्यापुढचे चर्चगेट आणि त्याच्याही पुढचे विधान भवन. ज्या अत्र्यांनी ‘मराठा’ दैनिकातून संयुक्त महाराष्ट्राची तोफ अखंड धडाडती ठेवली, त्यांच्या नावाच्या स्थानकात गाडीत बसावे, हुतात्म्यांच्या नावाचे स्थानक ओलांडावे आणि दोन स्थानकांनंतर राज्याच्या विधिमंडळाच्या दारात उतरावे, असा हा प्रवास आहे. मार्ग आखणाऱ्यांच्या मनात हा योग असेल वा नसेल. परंतु इतिहास जाणणाऱ्या प्रवाशाच्या मनात तो कालवाकालव केल्यावाचून राहत नाही. कारण २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच चौकातून विधिमंडळाकडे निघालेल्या लोकांना ती वाट पुरी करता आली नव्हती.

आणि तरीही याच गाडीतला एखादा प्रवासी शेजारच्याला सहज सांगून जातो, “मला फ्लोरा फाउंटनला उतरायचंय.” त्यात कुणाचा अवमान करण्याचा हेतू नसतो. पिढ्यान्‌पिढ्या जिभेवर बसलेले नाव उतरायला वेळ लागतो. पण फलकावर एक नाव आणि ओठांवर दुसरे, ही स्थिती सहा दशकांहून अधिक काळ टिकून राहिली असेल, तर हा केवळ सवयीचा भाग मानता येणार नाही. नाव देणे आणि नाव जागवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली शासनाच्या आदेशाने होते. दुसरी समाजालाच करावी लागते. या चौकाच्या इतिहासाकडे पुन्हा एकदा वळून पाहायचे, ते यासाठी.

मुंबईचा किल्ला उभा होता तेव्हा त्याला तीन वेशी होत्या. अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. सेंट थॉमस चर्चकडे जाणारी म्हणून ती ‘चर्च गेट’. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६०च्या दशकात, किल्ल्याचे तट पाडण्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला होता आणि त्यामुळे मुंबईत पैशाचा पूर आला होता. हा पैसा अखेर कुठून आला होता? वऱ्हाड-खानदेशासारख्या मुलखातील शेतकऱ्याने पिकवलेल्या कापसातून. तटबंदीत न मावणारे शहर बाहेर पसरू लागले, आणि जिथे चर्च गेट होते त्या जागी एक कारंजे उभे राहिले. रिचर्ड नॉर्मन शॉ यांनी त्याचा आराखडा केला, जेम्स फोर्सिथ यांनी पोर्टलंडच्या दगडात ते घडवले. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यान मंडळाने ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया उद्यानासाठी करवून घेतले होते. पण अखेर ते कोटात आले. त्यावर सुमारे ४७,००० रुपये खर्च झाले आणि कर्सेतजी फर्दुनजी पारेख या पारशी दात्याच्या देणगीचा त्यात मोठा वाटा होता. माथ्यावर उभी राहिली ती रोमन लोकांची पुष्पदेवता फ्लोरा.

या कारंज्याला आरंभी फ्रिअरसाहेबांचे नाव द्यायचे घाटत होते. पुढे ते मागे पडले आणि देवतेचे नाव रूढ झाले. म्हणजे ज्या नावाच्या ‘ऐतिहासिकते’चा आज काही मंडळी दाखला देतात, तेच मुळात एका बदलातून आले आहे. शिवाय हे नाव इथल्या मातीतून उगवलेले नव्हते. फ्लोरा ही रोमची देवी. तिच्याविषयी कुणाच्या मनात अनादर असण्याचे कारण नाही. देवतांचा अनादर करणे ही या देशाची रीतही नाही. पण मुंबईच्या रस्त्यावरून जाणाऱ्या हमालाच्या, गिरणीकामगाराच्या किंवा मंत्रालयात अर्ज घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या स्मरणात तिची कोणती कथा होती? ते नाव मुक्कामाची खूण सांगत होते, याहून अधिक काही नाही. नावाला अर्थ यावा लागतो आणि तो बहुधा कुणाच्या तरी त्यागातून येतो. या जागेला तो अर्थ १९५५ मध्ये आला.

त्याची पार्श्वभूमी नव्या पिढीला सविस्तर सांगितली पाहिजे. १९२० च्या नागपूर अधिवेशनापासून काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या भाषेनुसार रचल्या. लोकांची भाषा ती राज्यकारभाराची भाषा, हे आश्वासन स्वातंत्र्यलढ्याच्या काळात देशभर दिले गेले. मे १९४६ मध्ये बेळगावला ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. मराठी राज्याची मागणी राजकारण्यांच्या बैठकीतून बाहेर पडून साहित्यिकांच्या व्यासपीठावर आली ती बेळगावात, हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषावार प्रांत आयोगापुढे निवेदन देऊन मुंबई ही महाराष्ट्राचीच, ही बाजू तर्कशुद्धपणे मांडली. परंतु स्वातंत्र्यानंतर दिल्लीचा सूर बदलत गेला. पोट्टी श्रीरामुलु यांनी उपोषणात प्राण वेचल्यावर १९५३ मध्ये आंध्र राज्य झाले. महाराष्ट्राच्या वाट्याला मात्र आयोग, समित्या आणि सूत्रे येत राहिली. फाजलअली आयोगाने १९५५ मध्ये विदर्भ वेगळा ठेवून गुजरातसह द्वैभाषिक मुंबई राज्य सुचवले. मग महाराष्ट्र, गुजरात आणि स्वतंत्र मुंबई असे त्रिराज्य सूत्र पुढे आले. मुंबई मराठी माणसाच्या घामावर उभी राहणार, आणि मराठी राज्याची राजधानी मात्र होणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता.

२० नोव्हेंबर १९५५ रोजी गिरगाव चौपाटीवर सभा झाली. मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांच्या भाषणांनी श्रोते शांत होण्याऐवजी प्रक्षुब्ध झाले आणि सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी मुंबईत संप पुकारला गेला होता. गिरणगावातून, गिरगावातून, शहराच्या टोकाटोकांतून माणसे कोटाकडे निघाली. विधिमंडळ त्या काळी रिगल चित्रपटगृहाजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. आज त्या वास्तूत राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. फ्लोरा फाउंटनपासून तिथवर चालत दहा-पंधरा मिनिटांची वाट. जमावबंदी होती, पोलीस सज्ज होते. लाठीमार झाला, अश्रुधूर झाला आणि मग गोळ्या सुटल्या. त्या एका दिवसात १५ जणांनी प्राण गमावले. स्वतंत्र भारतात, आपल्याच प्रतिनिधींच्या सभागृहाकडे गाऱ्हाणे घेऊन जाणाऱ्या माणसांवर, आपल्याच सरकारने चालवलेल्या या गोळ्या होत्या.

पण हा शेवट नव्हता. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला आणि शहर पेटले. पुढच्या आठवड्याभरात गोळीबारात पडलेल्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. बेळगाव, निपाणीकडेही गोळ्या चालल्या. १७ जानेवारी हा दिवस सीमाभागात आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. सह्याद्री हिमालयापुढे वाकला नाही, ही भावना त्या राजीनाम्याने घरोघर पोहोचवली. त्या दिवसांत काही ठिकाणी गुजराती बांधवांच्या दुकानांची लूटही झाली. या सत्याकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. तो कलंक होता, आणि चळवळीच्या जबाबदार नेत्यांनीही त्याचा निषेधच केला. लढा सत्तेच्या अन्यायाशी होता, शेजाऱ्याशी नव्हता.

याचा सर्वांत मोठा पुरावा हुतात्म्यांच्या यादीतच आहे. ‘१०५ हुतात्मे’ हा आकडा लोकांच्या तोंडी बसला. पुढे नोंदी पडताळताना त्यात आणखी नावांची भर पडली. पण आकड्यापलीकडे जाऊन ती नावे किती जणांनी वाचली आहेत? सीताराम बनाजी पवार, धर्माजी नागवेकर, गजानन ऊर्फ बंडू गोखले ही नावे त्यात आहेत. त्यांच्या बरोबरीने जोसेफ डेव्हिड पेजारकर आहेत, चिमणलाल शेठ आहेत, के. जे. झेवियर आणि पी. एस. जॉन आहेत, वेदीसिंग आहेत, रामचंद्र भाटिया आहेत, बालप्पा कामाठी आहेत. बेळगावचे मारुती बेन्नाळकर आहेत आणि निपाणीच्या कमळाबाई मोहितेही आहेत. मराठी राज्याच्या वेदीवर पडलेल्या आहुतींत ज्यांची नावे मराठी वाटत नाहीत अशी माणसेही होती, ही गोष्ट पाठ्यपुस्तकाच्या पानावर ठळक अक्षरांत यायला हवी. जी चळवळ एका जातीची, एका पंथाची वा एका आडनावाची नव्हती, तिला ‘संकुचित प्रादेशिकता’ म्हणून निकालात काढणाऱ्यांनी ही यादी एकदा मोठ्याने वाचून पाहावी.

राष्ट्रवादी विचारांच्या मंडळींतही त्या काळी भाषावार प्रांतरचनेविषयी एकवाक्यता नव्हती, हे मोकळेपणाने नमूद केले पाहिजे. भाषेच्या आधारावर राज्ये झाली तर देशाच्या ऐक्याला तडा जाईल, ही चिंता खरी होती. श्रीगुरुजींनी तर एकात्म शासनपद्धतीचाच आग्रह धरला होता. फाळणीच्या जखमा ओल्या असताना ही शंका कुणाच्याही मनात येणे स्वाभाविक होते. तरीही महाराष्ट्रातील भारतीय जनसंघ आणि हिंदू महासभा संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात स्थापन झालेल्या या समितीत एस. एम. जोशी होते, कॉम्रेड डांगे होते, शेकाप होता, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होते. ज्यांचे एरवी एका ताटात जेवणे अवघड, ते एका मांडवात बसले. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत जनसंघाचे जे चार खासदार देशभरातून निवडून आले, त्यांत धुळ्याचे उत्तमराव पाटील आणि रत्नागिरीचे प्रेमजीभाई आसर हे दोघे होते. रत्नागिरीच्या मराठी मतदाराने संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत प्रेमजीभाईंना निवडून दिले, हेही त्या चळवळीच्या मोकळ्या मनाचे गमकच.

ऐक्याविषयीची ती चिंता आज काळाच्या कसोटीवर तपासून पाहता येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी लादलेले द्वैभाषिक टिकले नाही. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला १९५७ मध्ये जबर धक्का बसला, प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणाला आलेल्या पंतप्रधानांना जनतेचा रोष पाहावा लागला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्याच दिवशी गुजरातही झाला. त्यामुळे देश दुबळा झाला का? दोनच वर्षांनी चीनचे आक्रमण झाले तेव्हा देशाच्या संरक्षणमंत्रिपदी गेले ते याच नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. स्वतःच्या भाषेत सुखावलेला समाज राष्ट्रासाठी अधिक खंबीरपणे उभा राहतो, हा धडा महाराष्ट्राने दिला. भाषा ही राष्ट्राची सवत नव्हे. ती राष्ट्राच्या घरातली लेक आहे. तिला घरात मान मिळाला तर घर उजळते.

राज्य झाल्यावर या चौकात स्मारक उभे राहिले. हाती मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार. कुणा नेत्याचा पुतळा इथे बसवला गेला नाही. सभा गाजवणारे, अग्रलेख लिहिणारे, तुरुंगात गेलेले थोर पुरुष कमी नव्हते. पण मानाची जागा मिळाली ती अनाम कष्टकऱ्याला. ज्याच्या कापसातून मुंबई श्रीमंत झाली तो शेतकरी आणि ज्याच्या हातांनी तिच्या गिरण्या चालल्या तो कामगार, दोघे आता त्या वैभवाच्या ऐन मध्यावर उभे आहेत. यापेक्षा न्याय्य स्मारक दुसरे कोणते असेल?

आणि नाव कोणते दिले गेले? ‘हुतात्मा’ हा शब्द मराठीला दिला तो स्वातंत्र्यवीर सावरकरांनी. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ हाती घेतली. महापौर, दिग्दर्शक, क्रमांक यांसारखे आज कुणाला नवे न वाटणारे कितीतरी शब्द त्या टांकसाळीतून निघाले. प्रारंभी त्यांची टिंगल झाली. आज टिंगल करणाऱ्यांचे वंशजही तेच शब्द वापरतात. ‘हुतात्मा’ हे त्यांतले सर्वांत तेजस्वी नाणे. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. ज्याने स्वतःचीच आहुती दिली, तो हुतात्मा. यात सूडाचा लवलेश नाही. यज्ञाची कल्पना आहे. आहुती देणारा यज्ञाचे फळ स्वतःसाठी मागत नाही, ते समाजाला मिळते. ‘चौक’ हा शब्दही आपलाच, संस्कृत ‘चतुष्का’चा वारस. जुन्या वाड्यात चौक असे तो घरातल्या माणसांनी एकत्र जमण्यासाठी. उन्हाची तिरीप, तुळशीवृंदावन आणि लग्नमुंजीची वर्दळ, सारे चौकातच. म्हणजे महाराष्ट्र या वाड्याच्या चौकात, कुटुंबासाठी प्राण दिलेल्यांचे स्मरण, असा या नावाचा पुरता अर्थ होतो.

नामांतराचा विषय निघाला की विशिष्ट वर्तुळातून ठरलेले आक्षेप येतात. इतिहास पुसला जातो, असे म्हटले जाते. या चौकाने त्या आक्षेपाला उभ्या उभ्या उत्तर दिले आहे. कारंजे कुणी हलवले नाही, फ्लोरेच्या मूर्तीला कुणी हात लावला नाही. उलट काळाने झिजलेल्या त्या शिल्पाचा काळजीपूर्वक जीर्णोद्धार करून २०१९ मध्ये ते पुन्हा खळाळते करण्यात आले. सौंदर्य राखावे, कारागिराचा मान राखावा आणि आदराचे स्थान मात्र ज्याचे त्याला द्यावे, असा हा विवेक आहे. याच परिसरातील एलफिन्स्टन सर्कलला स्वातंत्र्यानंतर नाव मिळाले ते बेंजामिन हॉर्निमन यांचे. हे हॉर्निमन इंग्रजच होते. पण ते भारताच्या बाजूने लेखणी झिजवणारे संपादक होते. हॉर्नबी रोड दादाभाई नौरोजींचा झाला, चर्चगेट स्ट्रीट वीर नरिमन यांचा झाला. यात वंशद्वेष कुठे आहे? गुलामी लादणाऱ्याचे नाव काढून, ती झुगारण्यास हात लावणाऱ्याचे नाव दिले, इतकाच साधा न्याय त्यात आहे. लंडनच्या मध्यभागी नेपोलियनच्या नावाचा चौक कुणी मागत नाही, आणि ट्रॅफल्गारच्या विजयाच्या नावाने चौक आहे म्हणून इंग्रजांना कुणी संकुचितही ठरवत नाही.

मात्र आक्षेपांना उत्तर दिले म्हणजे कर्तव्य संपले, असे समजणे ही आत्मवंचना ठरेल. या चौकापासून चार पावलांवर एक बोलका धडा उभा आहे. ‘काळा घोडा’. त्या घोड्यावर इंग्लंडचा राजपुत्र, पुढे सातवा एडवर्ड झालेला, स्वार होता. १९५५ च्या मोर्चाच्या वेळीही तो तिथेच होता. १९६५ मध्ये तो पुतळा तिथून हलवला आणि जिजामाता उद्यानात नेला. पण परिसराचे नाव काळा घोडाच राहिले. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, तोही बिनस्वाराचा. स्वार विस्मृतीत गेला आणि नाव उरले. एडवर्डच्या बाबतीत याचे कुणाला दुःख होण्याचे कारण नाही. परंतु हीच गत हुतात्म्यांची झाली तर? नाव फलकावर, बसवर, मेट्रोच्या नकाशावर, ध्वनिक्षेपकाच्या घोषणेत सर्वत्र उरले आणि ते कुणाचे हे सांगणारा कुणी राहिला नाही तर? चर्च गेट पडून दीडशेहून अधिक वर्षे लोटली. स्थानकाचे नाव मात्र रोज लाखो लोक घेतात आणि तिथे कधी काळी किल्ल्याची वेस होती हे क्वचितच कुणाला आठवते. नावाला स्वतःची स्मृती नसते. ती माणसांनी पुरवावी लागते.

ही भीती निराधार नाही. स्मारकातल्या त्या कामगाराकडे पाहावे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरणगाव जे विस्कटले ते पुन्हा सावरले नाही. चिमण्या पडल्या, त्या जागी काचेचे मनोरे आले. लालबाग-परळच्या चाळींतून निघालेली कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, वांगणीच्या दिशेने सरकत गेली. ज्यांच्या वडिलांनी, आजोबांनी मुंबईसाठी छाती पुढे केली, त्यांची नातवंडे आज पहाटेची लोकल धरून, दोन-दोन तास उभ्याने प्रवास करून त्याच मुंबईत कामाला येतात आणि रात्री परततात. मुंबई महाराष्ट्राला मिळाली. मुंबईत मराठी कष्टकऱ्याला घर मिळाले का, या प्रश्नाचे उत्तर तेवढ्या अभिमानाने देता येत नाही. आणि याचा दोष केवळ परक्यांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. राज्य मराठी माणसाच्या हाती आले त्याला सहा दशके उलटून गेली आहेत.

दुसरे टोक सीमाभागाचे. हुतात्म्यांच्या यादीत ज्यांची नावे आहेत ते बेळगाव आणि निपाणी महाराष्ट्रात नाहीत. ज्या शहरात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, ज्याच्या रस्त्यांवर त्यासाठी रक्त सांडले, ते शहर १९५६ च्या पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले. २०१४ मध्ये कर्नाटक सरकारने त्याचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ केले. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. कन्नड बांधवांशी वैर करण्याचा हा विषय नव्हे. एकाच विठ्ठलाला ‘कानडा’ म्हणून आळवणारा हा समाज आहे. परंतु मारुती बेन्नाळकर आणि कमळाबाई मोहिते यांचे नाव मुंबईच्या चौकात आदराने घ्यायचे आणि त्यांच्या गावातील मराठी शाळेची, मराठी परिपत्रकाची, मराठी फलकाची विचारपूसही करायची नाही, हा व्यवहार कृतघ्नपणाचा आहे.

तिसरा प्रश्न थेट घरातला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाचे पेढे वाटले गेले, ते योग्यच झाले. पण ज्या मध्यमवर्गीय घरांत ते पेढे वाटले गेले, त्यांतील किती घरांतली मुले मराठी शाळेत जातात? मराठी शाळांचे वर्ग ओस पडत असल्याची हळहळ ज्या बैठकीत व्यक्त होते, त्याच बैठकीतील पालक पाल्याच्या इंग्रजी शाळेच्या प्रवेशासाठी रांगेत उभे असतात. इंग्रजी शिकू नये, असे कुणी शहाणा म्हणणार नाही. हुतात्म्यांनीही तसे म्हटले नव्हते. पण शाळा कोणतीही असो, घरात मराठी पुस्तक वाचले जाते का, नातू आजीशी कोणत्या भाषेत बोलतो, बँकेत, दुकानात, सोसायटीच्या सभेत पहिले वाक्य कोणत्या भाषेत उच्चारले जाते, या गोष्टी कोणत्याही सरकारी निर्णयाने ठरत नाहीत. त्या घराघरांतून ठरतात. लोकभाषेत राज्यकारभार व्हावा म्हणून माणसे मेली. आणि राज्य मिळाल्यावर लोकच आपली भाषा ओठांत आखडू लागले, तर त्या आहुतीचा अर्थ काय उरतो?

म्हणूनच आता गरज आहे ती मिळालेले नाव जागवण्याची. त्यासाठी मोठी खटपट लागत नाही. दर २१ नोव्हेंबरला आणि १ मे रोजी या चौकात शासकीय पुष्पचक्रे वाहिली जातात. तो उपचार आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. त्या दिवशी शाखांवर, शाळांत, गृहनिर्माण संस्थांच्या प्रांगणांत हुतात्म्यांची पूर्ण यादी वाचली जावी. सीताराम पवारांपासून चिमणलाल शेठांपर्यंत, झेवियर यांच्यापासून कमळाबाईंपर्यंत, एकही नाव न गाळता. त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत. मुंबईला येणाऱ्या पाहुण्यांना राणीची बाग, गेटवे दाखवणाऱ्या कुटुंबांनी मुलांचे बोट धरून या चौकातही थांबावे. आधी फ्लोरेचे कारंजे दाखवावे, ते कुणी घडवले, कुणाच्या पैशातून उभे राहिले हे सांगावे; मग शेजारच्या मशालीकडे वळावे आणि ती का पेटली हे सांगावे. दोन्ही गोष्टी पाहिलेल्या मुलाला इतिहास पुसणे आणि इतिहास घडवणे यांतला फरक कुणी वेगळा शिकवण्याची गरज पडणार नाही. आणि टॅक्सीत बसताना, पत्ता सांगताना, तिकीट काढताना निःसंकोचपणे ‘हुतात्मा चौक’ म्हणावे. रोजच्या बोलण्यातून घेतलेले नाव हेच सर्वांत टिकाऊ स्मारक असते.

मेट्रोच्या त्या प्रवासात हुतात्मा चौक ते विधान भवन हे अंतर दोन स्थानकांचे आहे. गार हवेत, बसून, काही मिनिटांत ते पार होते. १९५५ साली विधिमंडळाकडे जाणारी वाट पायांखालची होती, दहा-पंधरा मिनिटांची होती आणि तरीही १५ जणांसाठी ती कधीच संपली नाही. त्यांची ती राहिलेली पावले चालण्याचे काम मागे उरलेल्यांचे आहे. विधिमंडळात बसणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीने आणि त्याला तिथे पाठवणाऱ्या प्रत्येक नागरिकाने ते स्थानक ओलांडताना क्षणभर तरी आठवावे, की गाडी या नावावर थांबते ती केवळ प्रवासी उतरावेत म्हणून नव्हे. इथे एक ऋण उतरायचे बाकी आहे.